वळणावरचं झाड

रविवारच्या फेरीला एक झाड कमी पडत होतं. शनिवारी सकाळी अडचण काय ती एवढीच होती.

वेस्कॉटमध्ये जानेवारी अर्धा सरला की घरोघरची नाताळची झाडं हाफमून तळ्याच्या काठावर येऊन पडतात. निम्मं गाव युक्रेनी वंशाचं, त्यांचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे सात तारखेला, म्हणून बाकीचेही तोवर थांबतात. मग गोठलेल्या तळ्याला भोकं पाडायची आणि ती झाडं एका रांगेत रोवायची, या काठापासून थेट पलीकडच्या शेकोटीघरापर्यंत. रांग पुरी झाली की रविवारी सगळं गाव मिळून तिच्या कडेने फेरी काढतं, आणि मग मार्च संपेपर्यंत माणसं तिथून चालतात, स्की करतात, पोरांना घसरगाडीत बसवून ओढत नेतात. प्रत्येक घराने आपल्या झाडावर एक खूण राहू द्यायची असा रिवाज आहे. बेकरीवाल्यांची पत्र्याची घंटा, कुणाचा लाकडी पक्षी, दातांच्या डॉक्टरांचा वीतभर लांबीचा प्लास्टरचा दात. बर्फ सुटायच्या आत ज्याने त्याने आपली खूण ओळखून आपलं झाड परत न्यायचं.

या रांगेची सूत्रं व्हर्ना ओलिनिककडे होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई, अंगाने ठेंगणी, आवाजाने दांडगी. रांग सुरू केली तिच्या वडिलांनी, ओनुफ्रींनी. घरात त्यांना तातो म्हणत. तातोंचा धाकटा भाऊ लहानपणी तळं ओलांडून घरी येताना हिमवादळात सापडला आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गोठून मेला. तातो मोठे झाल्यावर त्यांनी पहिली झाडं रोवली, आणि तेव्हापासून वेस्कॉटच्या तळ्यावर एकही माणूस हरवला नाही. हे वाक्य व्हर्ना दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचीच, मग ऐकणाऱ्याला ते पाठ का असेना.

आणि तिने का ऐकवू नये? गावाच्या चारी बाजूंना नजर संपेपर्यंत सपाट माळ. डोंगर नाही, समुद्र नाही, धड एक जंगल नाही. तळंसुद्धा आधीच्या पिढ्यांनी ओढ्याला बांध घालून अडवलेलं. बागेतलं प्रत्येक झाड कुणी ना कुणी बादलीने पाणी घालून जगवलेलं. पोरांची घसरायची टेकडी तळ्यातून उपसलेल्या मातीची. हमरस्त्यावर काँक्रीटचा अवाढव्य सारस उभा आहे, त्याच्या पायांपाशी बाहेरगावचे लोक हसत हसत फोटो काढतात. व्हर्ना त्यांना म्हणायची, "हसा, खुशाल हसा. तुमच्याकडे देवाने दिलंय. आमच्याकडे आम्ही केलंय."

तर शनिवारी सकाळी त्या रांगेत खिंडार होतं.

"यंदा झाडं आलीच कमी," एल्मर फ्रीसन म्हणाला. एल्मर तिचा शेजारी, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला. बर्फाला भोकं पाडायचं गिरमिट दरवर्षी तोच फिरवायचा. "लोकांकडे आता प्लास्टिकची झाडं. खोक्यातून काढायची, परत खोक्यात घालायची."

"लाजा नाहीत लोकांना."

"माझ्याही घरी प्लास्टिकचंच आहे, व्हर्ना."

"मग तुलाही नाही."

एल्मर हसला, पण खिंडार काही हसून बुजत नव्हतं. आणि ते होतं नेमकं वळणावर. तळ्याच्या मध्याला तळाशी एक झरा आहे. त्याच्यावर बर्फ कधी जाड धरत नाही, म्हणून रांग तिथे वळसा घेते. वळणावरचं झाड चुकलं तर चालणारा सरळ झऱ्यावर जातो. दुसरीकडचं एखादं उपटून इथे आणावं, तर तिकडे नवं खिंडार.

तेवढ्यात जोसलिन मरे बर्फावरून पाय जपत आली. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात ती ऑगस्टमध्ये रुजू झालेली, टोरांटोची मुलगी.

"व्हर्ना, माझ्या गाडीत खांब आहेत. नारिंगी, चमकणारे. एक लावूया ना तिथे?"

"या रांगेत प्लास्टिक लागणार नाही."

"मग संध्याकाळपर्यंत तुमच्या पद्धतीने पुरी करा. नाहीतर उद्याची फेरी मला बंद ठेवावी लागेल. मला काय हौस आहे का? पण कुणी झऱ्यात गेलं तर लोक माझ्या दारात येणार."

"कुणी जात नाही झऱ्यात. आमच्या तळ्यावर..."

"माणूस हरवत नाही," जोसलिन आणि एल्मर एकदमच म्हणाले.

व्हर्ना तरातरा घरी जेवायला निघून गेली.

घरात बोर्श्ट, म्हणजे बिटाचं सार, गरम करताना तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे दिदूख उभा होता. दिदूख म्हणजे गव्हाची मोठी, देखणी पेंढी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती घरात आणून मानाच्या जागी ठेवायची. घरातले गेलेले लोक सणाचे दिवस त्या पेंढीत मुक्कामाला येतात असं युक्रेनी माणसं मानतात. त्यांच्यासाठी ताटात एक घास जास्त वाढतात. सण उरकला की पेंढी अंगणात नेऊन जाळायची, म्हणजे पाहुणे मोकळे होऊन आपल्या वाटेने जातात. व्हर्नाच्या आईने ती कधी एक दिवस जास्त ठेवली नव्हती.

त्या वर्षीची पेंढी तातोंच्या जुन्या शेतातली होती. ते शेत आता पुतण्या बघतो. लोंबी कशी टपोरी, सोनेरी! व्हर्नाला ती जाळवेना, म्हणून आज जाळू, उद्या जाळू करत सण संपून गेला तरी पेंढी कोपऱ्यात राहिली होती. उंचीला व्हर्नाच्या छातीएवढी. रोवली तर लांबून दिसेल, आणि वर तातोंचाच गहू. तिने बोर्श्टखालचा गॅस बंद केला.

पेंढी बघून एल्मरने गिरमिट खाली ठेवलं. "तुमच्यात हे जाळतात ना गं?"

"जाळतात. यंदा कामाला लावते. तातो जन्मात कधी रिकामे बसलेत का?"

"ते खरं. पण... मेलेल्या माणसाला सुट्टी असावी, व्हर्ना."

"तू भोक पाड."

एल्मरने वळणावर भोक पाडलं. व्हर्नाने पेंढीला आपल्या घराची खूण बांधली, तीन गाठींचा लाल लोकरीचा धागा. पेंढी भोकात उभी केली, भोवती बर्फाचा रेंदा भरला, डब्यातलं पाणी ओतलं आणि टाच फिरवून तो दाबला. त्या थंडीत पाणी बघता बघता दगड होतं. तातो प्रत्येक झाड असंच रोवायचे. टाचेचा गोल वळ उठला की झाडाला तळहाताने दोनदा थोपटायचे आणि पुटपुटायचे, "उभं राहा. माणसं येताहेत." व्हर्नाही तेच करायची, फक्त कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. तिने पेंढीला थोपटलं आणि ते शब्द म्हटले. संध्याकाळी जोसलिनने येऊन रांग पाहिली आणि मान हलवली. फेरी होणार होती.

रविवारी अख्खं गाव तळ्यावर लोटलं. उन्हं पडलेली, बर्फ चकाकत होता, आणि काठापासून काठापर्यंत ती हिरवी रांग, एक झाडही वाकडं नाही. शेकोटीघरात बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी तळल्या जात होत्या, मुलं दालचिनीच्या बनपावांनी तोंडं माखून घेत होती. शेजारच्या गावातले लोकही आले होते, त्यांच्या तळ्यावर नुसताच बर्फ. वळणावरच्या सोनेरी पेंढीपाशी म्हातारे थांबून टोपी काढत होते. व्हर्नाची छाती अशी फुगली होती की कोटाचं वरचं बटण तिने सोडूनच ठेवलं.

वादळ रात्री येणार असा अंदाज होता. दुपारी लोक परतले, आणि व्हर्ना, एल्मर आणि चारदोन बायका अलीकडच्या काठावर तंबूतली पातेली आवरत होत्या. तेवढ्यात व्हर्नाचा फोन वाजला.

"व्हर्ना, मी जोसलिन. शेकोटीघरातली चूल विझवली, कुलूप लावतेय. इकडे वारा सुटलाय जरा. थांबू का इथेच? लाकडं आहेत भरपूर."

व्हर्नाने पश्चिमेकडे पाहिलं. क्षितिज मळकट झालं होतं. थांब म्हणायचं, हे तिला कळत होतं. पण सगळ्या बायका ऐकत होत्या, आणि फोनवर होती ती खांबवाली.

"थांबतेस कशाला? रांग आहे ना! एकेक झाड धरून ये, डोळे मिटून पोचशील."

"बरं. निघाले."

पातेली गाडीत चढायच्या आत वारा जमिनीवरून आला. इथली वादळं वरून पडत नाहीत. पडलेलाच बर्फ उठतो आणि माणसाच्या अंगावर चाल करून येतो. आधी पलीकडचा काठ गेला, मग निम्मी रांग, मग हात लांब केला तर हातमोजा दिसेना. जोसलिनचा फोन लागेना. अग्निशमन दलाचा माणूस फोनवर म्हणाला, वारा पडेपर्यंत कुणी बर्फावर उतरायचं नाही, स्नोमोबाइल झऱ्यात घालून आणखी दोघं घालवायची आहेत का?

व्हर्ना उतरली.

"मी येतो," एल्मर म्हणाला.

"गुडघे बघ तुझे. ट्रकमध्ये बस आणि हॉर्न वाजवत राहा. थांबू नकोस."

"व्हर्ना, ती पोरगी शहाणी आहे. मागे फिरली असेल."

"मी सांगितलंय तिला ये म्हणून," व्हर्ना म्हणाली. "मी सांगितलंय, एल्मर."

पहिलं झाड तिच्या हाताला लागलं आणि तिला धीर आला. दोन्ही हात पसरून ती पुढे निघाली. लाकडी पक्षी. पुढचं झाड, काचेचा गोळा. वाऱ्यात हॉर्न क्षीण होत गेला. बेकरीवाल्यांची घंटा तिला दिसायच्या आधी ऐकू आली, वेड्यासारखी वाजत होती. मग डॉक्टरांचा दात. एकही झाड हललं नव्हतं. एवढ्या भीतीतही तिला वाटलं, कशी रोवलीत बघा! तिने जोसलिनला हाका मारल्या, पण वारा त्या तोंडातच परत कोंबत होता.

दातानंतर वळण. पावलं तिच्या पायांना ठाऊक होती. ती बरोबर त्या जागी पोचली आणि हात पसरले. हाताला काही लागलं नाही.

ती गुडघ्यांवर बसली आणि चाचपू लागली. भोक सापडलं. पाणी दगडासारखं गोठलेलं, मधोमध पेंढीच्या बुडख्याएवढी रिकामी जागा, आत एक काडीसुद्धा नाही. वाऱ्याने उपटली म्हणावी तर भोवतालचा बर्फ फुटायला हवा होता. तो अखंड होता.

तेव्हा तिला वास आला. इतक्या कडक थंडीत कशालाच वास येत नाही, नाकातला श्वाससुद्धा गोठतो. आणि तिला येत होता उन्हात तापलेल्या गव्हाच्या काडाचा वास. भरल्या खळ्याचा. त्यात थोडा तंबाखूचा.

आणि मग आवाज.

किर्र... किर्र... किर्र...

गिरमिटाचा. एल्मरच्या मोटारीच्या गिरमिटाचा नव्हे, हाताने फिरवायच्या जुन्या गिरमिटाचा. ते तिच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं, तातो गेल्यापासून कुणी काढलं नव्हतं. आवाज झऱ्याच्या बाजूने येत नव्हता. तो रांगेच्या रेषेतच, अगदी जवळून येत होता, सावकाश, सवयीच्या हाताचा. मग थांबला. पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यानंतर टाच फिरल्याचा.

"जोसलिन?" व्हर्ना म्हणाली. "जोसलिन...?"

ती रांगतच पुढे गेली आणि कशावर तरी आदळली. उभं, अरुंद, बर्फाने लिंपलेलं. पेंढी! तिच्या जिवात जीव आला. तिने वर हात फिरवला आणि गळ्यापाशी लोकर लागली. लाल धागा, तीन गाठी. म्हणजे पेंढीच. तिने मिठी मारावी तसे दोन्ही हात तिच्याभोवती घातले.

पेंढीला बाह्या होत्या.

व्हर्ना किंचाळली की नाही हे तिचं तिला आठवत नाही. तिने हातमोज्याने बर्फ खरवडला, तर आत जोसलिनचा चेहरा. डोळे उघडे, पापण्यांवर बर्फाचे मणी, ओठ निळे. ती बसली नव्हती, पडली नव्हती, ताठ उभी होती. तिचे बूट घोट्याच्या वरपर्यंत बर्फात होते, शेजारी शेजारी दोन भोकांत, भोवती रेंदा भरून, पाणी ओतून, टाचेने दाबून. जिथे गावातलं सगळ्यात महत्त्वाचं झाड रोवायचं तिथे.

"पोरी! जोसलिन! बोल माझ्याशी."

जोसलिनचे ओठ हलले. "उभी राहा..." ती म्हणाली. "माणसं येताहेत..."

व्हर्नाच्या मागे कुणीतरी गिरमिट बर्फावर टेकवलं.

तिने वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर तिथे पांढऱ्याखेरीज काही दिसलंच नसतं, असं ती स्वतःला आजही सांगते.

"तातो..." ती म्हणाली. "तातो, हे झाड नाही. हे येणारं माणूस आहे."

वारा नुसता घोंगावत राहिला. मग तिच्या कानाशी, कामाच्या वेळी ते बोलायचे तशा तुटक आवाजात, ना रागाने ना लोभाने:

"वळण मोकळं आहे."

"ठाऊक आहे मला. चूक माझी आहे. मी तुम्हाला मोकळं केलं नाही... तातो, रांग माझी आहे. वळण मी भरेन. हिला सोडा."

काडाचा वास एकदम विरला, दार लावून घ्यावं तसा. व्हर्नाने जोसलिनच्या बुटांचे बंद दातांनी सोडले, तिला काखेत धरून वर ओढलं आणि पाय बुटांतून बाहेर काढले. बूट तिथेच राहिले. आपले हातमोजे तिने त्या पोरीच्या पायांत चढवले, तिला पाठीवर घेतलं आणि दात, घंटा, काचेचा गोळा, पक्षी अशी एकेक खूण उघड्या हातांनी चाचपत ती परत आली. हॉर्न थांबला नव्हता. एल्मर ट्रकमधून पडत धडपडत उतरला आणि दोघींना पाहून लहान मुलासारखा रडला.

जोसलिनच्या पायाची दोन बोटं गेली, बाकी ती बरी झाली. दवाखान्यात ती एवढंच सांगायची की वळणापाशी पुढचं झाड दिसेना, तेव्हा एक म्हातारा गिरमिट घेऊन पुढे चालताना दिसला. तिला वाटलं, व्हर्नाच्या मंडळींपैकी असेल. "फार मायेने बोलला," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर थोपटलं त्याने. दोनदा. मग मला हलावंसंच वाटेना." तळ्यावर जोसलिन जे शब्द बोलली, ते व्हर्नाने कधी कुणाला ऐकू जातील असे म्हटले नव्हते.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक होतं की व्हर्ना ओलिनिक रांग धरून गेली आणि रांग धरून आली. बेकरीवाल्यांनी केक केला आणि त्यावर साखरेने लिहिलं, वेस्कॉटच्या तळ्यावर माणूस हरवत नाही. महापौरांनी भाषण केलं. बोटांना पट्ट्या बांधलेली व्हर्ना व्यासपीठावर उभी होती, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

वादळ सरल्यावर ती आणि एल्मर वळणावर गेले. रिकामे बूट तसेच उभे होते. एल्मरने खाली वाकून टाचांचे गोल वळ पाहिले आणि क्रूसाची खूण कधी न करणाऱ्या त्या माणसाने हळूच छातीवर हात ठेवला.

"हे कुणी केलं, व्हर्ना?"

व्हर्नाने रांगेच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. "रेषेत बघ कसं आहे," ती म्हणाली. "तसूभर इकडे नाही की तिकडे नाही." आपल्याच आवाजातला अभिमान ऐकून तिला शरम वाटली.

पेंढी शोधायला तिने सगळा काठ पालथा घातला. सापडली असती तर तिथल्या तिथे जाळली असती. पुतण्याच्या शेतातून दुसरी आणून जाळली, पण तिला स्वतःलाच त्याचा उपयोग वाटला नाही. मार्च संपता लोक आपापली झाडं घेऊन गेले, बर्फ सुटला, आणि तळ्याच्या पाण्यावर एक काडीही तरंगली नाही.

यंदाच्या जानेवारीत झाडांचा ढीग लागला. कुणाच्याही घरी प्लास्टिक नव्हतं, एल्मरच्याही. शेजारच्या गावानेसुद्धा ट्रक भरून पाठवली. सगळ्यात डौलदार झाड आणलं जोसलिनने. टोरांटोला परत न जाता ती इथेच राहिली होती, किंचित लंगडत चालायची, आणि बाहेरून आलेल्यांना हमरस्त्यावरच्या सारसाबद्दल तावातावाने सांगायची. तिचं झाड वळणावर लागलं. एल्मरने भोक पाडलं, व्हर्नाने रेंदा भरला, पाणी ओतलं, टाच फिरवली. थोपटलं मात्र नाही, आणि शब्दही म्हटले नाहीत. रांग पुरी झाली, कुठे खिंडार नाही.

दुसऱ्या दिवशी ती बघायला गेली तेव्हा जोसलिनचं झाड बाजूला निजवलेलं होतं. मोडलेलं नव्हतं, फांद्या नीट एका अंगाला, पाहुण्याची खुर्ची सरकवून ठेवावी तसं. वळणावर नवी भोकं होती. दोन, शेजारी शेजारी. त्या थंडीत थुंकी खाली पडायच्या आत गोठत होती, आणि त्या भोकांत पाणी मोकळं होतं, काळं, हलकेच डुचमळणारं. व्हर्नाने आपलं पाऊल जवळ नेऊन पाहिलं. माप तिच्याच बुटांचं होतं.

तिने जोसलिनचं झाड शेजारी पुन्हा रोवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निजलेलं होतं. मग तिने नाद सोडला आणि जोसलिनला सांगून वळणाभोवती दोर बांधून घेतला. लोक दोराबाहेरून चालतात. ती मात्र रोज संध्याकाळी ऊन कलताना तिथे जाते, भोकांकडे बघते. भीती वाटते. पण रांगेच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली की जागा किती अचूक निवडलीय हेही दिसतं, आणि मन भरून येतं. गावातलं सगळ्यात महत्त्वाचं झाड.

"अजून नाही, तातो," ती रोज म्हणते.

काल तिने तेच म्हटलं आणि ती परत फिरायला लागली. एल्मर अलीकडच्या काठावर ट्रक गरम करत होता, त्याचे दिवे तिथून दिसत होते. वारा नव्हता. तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. आणि तिच्या खांद्यावर कुणीतरी, मायेने, दोनदा थोपटलं.